बॅटरी बदलली, बिघाड तसाच

वर्षभरात दोनदा बॅटरी बदलून झाली, तरी सकाळी सेल्फ मारला की नुसती ‘टक’. नवा फ्यूज टाकून दोन दिवस होत नाहीत तोच तो पुन्हा उडतो. पाऊस आला की गाडी बंद पडते आणि ऊन पडल्यावर काहीच न झाल्यासारखी चालू होते. अशा स्कूटरचा मालक वैतागलेला असतो, कारण खर्च झालेला असतो आणि बिघाड जागचा हललेला नसतो.

विजेचा बिघाड परत परत येत असेल, तर आतापर्यंत आपण त्याचा परिणाम बदलत आलो, कारण मात्र गाडीतच राहिलं, एवढं नक्की समजावं. बसलेली बॅटरी, उडालेला फ्यूज, गेलेला बल्ब हे सगळे परिणाम आहेत. ते डोळ्यांना दिसतात आणि दुकानात लगेच मिळतात, म्हणून आधी तेच बदलले जातात. कारण बहुतेक वेळा एखाद्या सांध्यात, तारेच्या आतल्या तुटक्या धाग्यात किंवा सैल झालेल्या अर्थिंगमध्ये दडलेलं असतं. ते शोधण्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. एक साधा मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प आणि कुठलाही भाग बदलण्याआधी मोजून पाहण्याची शिस्त पुरते.

वीज येते कुठून, जाते कुठे

इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला एक जड चाक असतं. त्याच्या आतल्या बाजूला चुंबक असतात आणि ते तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांभोवती फिरतं. फिरत्या चुंबकामुळे तारेत वीज निर्माण होते, हे तत्त्व मायकेल फॅरडेनं १८३१ मध्ये प्रयोगांतून दाखवून दिलं. गॅरेजमध्ये या साऱ्या जोडणीला ‘मॅग्नेट’ आणि आतल्या वेटोळ्यांना ‘मॅग्नेट कॉइल’ म्हणतात. इथे तयार होणारी वीज दिशा बदलत राहणारी, म्हणजे एसी असते. रेस वाढवली की तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढत जातं. बॅटरीला मात्र एकाच दिशेची आणि आवरलेल्या दाबाची वीज लागते. ही दोन्ही कामं रेग्युलेटर-रेक्टिफायर ही छोटी ॲल्युमिनियमची डबी करते. गॅरेजमध्ये तिला नुसतं ‘रेक्टिफायर’ म्हणतात.

किक मारून चालू होणाऱ्या जुन्या स्कूटरपैकी अनेकींत बॅटरी नसेच. मॅग्नेटची वीज थेट दिव्याला आणि प्लगला जाई, त्यामुळे इंजिन मंद चाललं की दिवाही मंद होई. १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडानं बटण दाबून चालू होणारी बिनगिअरची स्कूटर आपल्या रस्त्यांवर आणली. २००१ मध्ये ॲक्टिव्हा आली आणि घरोघरी सेल्फची सवय झाली. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळत राहणं सक्तीचं झालं. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक स्कूटरमध्ये कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. आता पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आणि त्यांना हुकूम देणारा ईसीयू हे सगळे विजेवर चालतात. पूर्वी विजेतला किरकोळ दोष म्हणजे मंद दिवा होता. आज तोच दोष गाडी रस्त्यात उभी करू शकतो.

या इतिहासाचा तपासाला थेट उपयोग होतो. पूर्वीच्या अनेक सेल्फवाल्या स्कूटरमध्ये हेडलाइट मॅग्नेटच्या एसी विजेवर आणि हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट बॅटरीच्या डीसी विजेवर चालत. अशा गाडीत हेडलाइट झकास असून हॉर्न घोगरा झाला, तर संशय बॅटरीच्या बाजूला जातो. हॉर्न ठणठणीत असून हेडलाइट रेस करूनही वाढत नसेल, तर तपास मॅग्नेटच्या बाजूने सुरू करावा. नव्या गाड्यांत सगळंच बॅटरीच्या बाजूला असल्यामुळे ही सोय राहिलेली नाही. म्हणून आपली गाडी कुठल्या प्रकारची आहे, हे पहिल्यांदा समजून घ्यावं.

सांध्यात हरवणारा दाब

विजेला जायला वाट लागते तशी परतायलाही लागते. बॅटरीच्या प्लसमधून निघालेला प्रवाह दिव्यातून किंवा मोटरमधून जाऊन मायनसला परत आला पाहिजे. स्कूटरमध्ये परतीच्या वाटेचं काम बऱ्याच ठिकाणी लोखंडी चेसिसच करते. यालाच अर्थिंग म्हणतात. परत परत येणाऱ्या बिघाडांमध्ये ही परतीची वाट वारंवार दोषी निघते, आणि तीच सगळ्यात शेवटी तपासली जाते.

दुसरी गोष्ट रोधाची. जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला नियम सांगतो की, सांध्यात वाया जाणारं व्होल्टेज म्हणजे प्रवाह गुणिले रोध. समजा, बॅटरीच्या पोलवर पांढरी बुरशी चढून तिथे ०.०५ ओहम, म्हणजे एका ओहमचा विसावा भाग एवढाच रोध तयार झाला. हॉर्नला साधारण २ अँपिअर लागतात असं धरलं, तर त्या सांध्यात ०.१ व्होल्ट जाईल. हॉर्नच्या आवाजात तो फरक कळणारही नाही. सेल्फच्या मोटरला मात्र ४० अँपिअर लागत असतील, तर त्याच सांध्यात २ व्होल्ट खर्ची पडतील आणि मोटर ढिम्म राहील. दरड कोसळून घाटात एकच लेन उरली, तर एकट्यादुकट्या गाडीचं काही अडत नाही. सुट्टीच्या दिवशीची रांग मात्र तिथेच तुंबते. तसंच इथे होतं. म्हणून ‘हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी आणि वायरिंग ठीक आहे’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

चार मोजमापं

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल काडी बॅटरीच्या प्लस पोलला आणि काळी मायनसला लावा. पोलवर घट्ट केलेल्या तारेच्या टोकाला न टेकवता प्रत्यक्ष पोललाच टेकवा.

पहिलं मोजमाप विश्रांतीचं. गाडी काही तास बंद राहिल्यानंतर घ्या. लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा असतो. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी असते. १२ च्या खाली गेली, तर आधी चार्ज करा आणि मगच पुढचा तपास करा. रिकाम्या बॅटरीवर केलेल्या कुठल्याही चाचणीचा निकाल भरवशाचा नसतो.

दुसरं मोजमाप सेल्फ मारतानाचं. बटण दाबलेलं असताना आकडा ९.६ ते १० व्होल्टच्या वर टिकला पाहिजे. विश्रांतीत १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ७ वर कोसळत असेल, तर तिच्यात व्होल्टेज आहे पण ताकद संपली आहे. असाच आकडा जाम झालेल्या किंवा आतून शॉर्ट झालेल्या मोटरमुळेही येऊ शकतो. म्हणून चांगली बॅटरी तात्पुरती लावून हीच चाचणी पुन्हा करावी.

तिसरं मोजमाप इंजिन चालू असतानाचं. रेस वाढवल्यावर आकडा साधारण १३.५ ते १४.७ च्या दरम्यान यायला हवा. रेस करूनही तो १२.५ वरच राहिला, तर बॅटरी चार्ज होत नाही. १५ च्या पुढे गेला, तर रेग्युलेटर दाब आवरत नाही आणि बॅटरी फुगण्याच्या मार्गावर आहे.

चौथं मोजमाप गळतीचं. चावी बंद करून मायनसची तार सोडवा. मीटर अँपिअरच्या जागी लावून एक काडी मायनस पोलला आणि दुसरी सोडवलेल्या तारेला लावा. साध्या स्कूटरमध्ये हा आकडा जवळजवळ शून्य असतो. डिजिटल घड्याळ आणि ईसीयू असलेल्या गाडीत काही मिलिअँपिअर असतात. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवू नका आणि सेल्फ तर मुळीच मारू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल.

बॅटरी पुन्हा पुन्हा बसते

आता पहिल्या तक्रारीकडे. बॅटरी पुन्हा पुन्हा बसण्याची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात: तिच्यात वीज पुरेशी भरत नाही, भरलेली गळते, किंवा भरते त्यापेक्षा जास्त खर्च होते.

गळती किती घातक असते, हे हिशेबानंच पटेल. ५० मिलिअँपिअर हा आकडा फार छोटा वाटतो. पण चोवीस तासांत तो १.२ अँपिअर-तास होतो. स्कूटरची बॅटरी ४ अँपिअर-तासांची असेल, तर तीन-चार दिवसांत ती रिकामी होईल. सुट्टीसाठी गावाला गेलेलं कुटुंब परत येतं तेव्हा गाडी चालू होत नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. गळती सापडली की बाहेरून बसवलेल्या वस्तू एकेक करून सोडवा आणि प्रत्येक वेळी मीटर पाहा. अलार्म, जीपीएस ट्रॅकर, मोबाइल चार्जर, जादा एलईडी यांच्यापैकी एखादी वस्तू चावीच्या आधीच्या तारेवर जोडलेली असते आणि रात्रंदिवस वीज खात राहते. त्यातून काही निघालं नाही, तर रेक्टिफायरचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लास्टिकचा जोड, काढून पाहा. आतला डायोड बिघडला, तर बॅटरीची वीज उलटी मॅग्नेट कॉइलमधून गळते.

खर्चाचाही हिशेब मांडून पाहू. एका झटक्यात गाडी चालू झाली, तर सेल्फ बॅटरीतलं फार काही घेत नाही. पण थंड सकाळी पाच-पाच सेकंदांचे दहा प्रयत्न केले, तर ४० अँपिअरच्या हिशेबानं अर्धा अँपिअर-तासाहून जास्त खर्च होतो, म्हणजे ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा जवळपास सातवा हिस्सा. त्यानंतर शाळा आणि भाजीबाजार एवढीच दोन किलोमीटरची फेरी झाली, तर तेवढं भरून निघत नाही. हेडलाइट सतत चालू असतो आणि सिग्नलला मंद चाललेलं इंजिन तुटपुंजी वीज देतं. अशा गाडीत मूळ दोष प्लगमध्ये, कार्बोरेटरमध्ये किंवा टॅपेट सेटिंगमध्ये असू शकतो. गाडी पटकन चालू होत नाही म्हणून सेल्फ जास्त मारला जातो आणि दोष बॅटरीवर येतो.

अर्धवट रिकामी बॅटरी तशीच ठेवली की आतल्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात. ते नंतर चार्ज करूनही पूर्ण विरघळत नाहीत आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते. पहिल्या बॅटरीचा जीव घेणारं कारण गाडीत तसंच राहिलं, तर दुसरीचाही ते असाच जीव घेतं. नवी बॅटरी बसवली त्याच दिवशी तिसरं आणि चौथं मोजमाप घ्यावं, हा माझा आग्रह त्यासाठीच आहे.

चार्जिंग होत नसेल, तर आधी रेक्टिफायरचा कपलर उघडून पाहा. पिना काळ्या पडल्या असतील किंवा प्लास्टिक वितळलं असेल, तर उत्तर समोरच आहे. पण नुसती डबी बदलून जुन्याच जळक्या कपलरमध्ये बसवली, तर तापलेला सांधा तापतच राहतो आणि नवी डबीही जाते. कपलरसुद्धा बदलावा लागतो.

सेल्फ घेत नाही

बटण दाबल्यावर काहीच आवाज नसेल, तर बिघाड बटणापासून रिलेपर्यंतच्या, म्हणजे मोटरचा मोठा प्रवाह जोडणाऱ्या स्विचपर्यंतच्या, छोट्या प्रवाहाच्या वाटेवर आहे. बहुतेक स्कूटरमध्ये ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. त्यामुळे ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो का, हे आधी पाहा. लागत नसेल, तर लिव्हरमधला स्विच तपासा. साइड स्टँडचा स्विच असलेल्या गाडीत चिखल अडकूनही हाच प्रकार होतो.

‘टक’ आवाज येऊन मोटर फिरत नसेल, तर रिले काम करतो आहे आणि अडचण मोठ्या प्रवाहाच्या वाटेवर आहे. इथे एक चाचणी फार मोलाची आहे. मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनस पोलला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावा आणि सेल्फ मारा. आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत हवा. १ व्होल्ट आला, तर अर्थिंगची तार किंवा तिचा बोल्ट दोषी आहे. मग एक काडी प्लस पोलला आणि दुसरी मोटरच्या टर्मिनलला लावून तेच करा. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त गेलं, तर रिलेचे संपर्क किंवा तारांची टोकं जळलेली आहेत. दोन्ही आकडे ठीक असूनही मोटर फिरत नसेल, तरच मोटर उघडा आणि कार्बन ब्रश पाहा. काही नव्या गाड्यांत वेगळी स्टार्टर मोटर नसतेच, मॅग्नेटच इंजिन फिरवतो. तिथे ही ‘टक’ ऐकू येत नाही आणि तपास कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे करावा लागतो.

फ्यूज वारंवार उडतो

उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज, तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणं हे आगीला निमंत्रण आहे. फ्यूज वितळला नाही, तर तार वितळेल, आणि ती तार पेट्रोलच्या टाकीजवळून जाते.

शॉर्ट शोधायला फ्यूजच्या जागी १२ व्होल्टचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजानं पेटेल, पण प्रवाह त्याच्या मर्यादेतच राहील आणि तार जळणार नाही. चावी बंद असतानाच पेटला, तर दोष फ्यूज आणि चावीच्या मधल्या तारेत किंवा चावीला वळसा घालून जोडलेल्या वस्तूत आहे. चावी फिरवल्यावर पेटला, तर हॉर्न, ब्रेकलाइट, इंडिकेटर यांचे कपलर एकेक करून काढा. ज्या क्षणी बल्ब मंदावेल, त्या शाखेत शॉर्ट आहे. तरीही काही सापडलं नाही, तर वायरिंग हातानं हलवत चला आणि नजर बल्बवर ठेवा. तो लुकलुकला की हात आहे तिथेच थांबवा. पुढच्या पॅनेलच्या स्क्रूखाली चेमटलेली तार, मागच्या मडगार्डला घासलेली तार आणि उंदरांनी कुरतडलेलं आवरण या नेहमी सापडणाऱ्या जागा आहेत.

चालता चालता बंद पडते

हा सगळ्यात चिवट बिघाड, कारण गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालायला लागते. इथे मालकाची नोंद मेकॅनिकच्या मीटरइतकीच महत्त्वाची असते. कधी बंद पडली? हँडल वळवताना, खड्ड्यात, पावसात की अर्धा तास चालून तापल्यावर?

हँडल वळवताना बंद पडत असेल, तर स्टीअरिंगच्या नळीपाशी रोज वाकणाऱ्या तारा तपासा. बाहेरचं आवरण शाबूत असतं, आत तांबं तुटलेलं असतं. तार हलकेच ओढली की तुटलेल्या जागी ती रबरासारखी ताणली जाते. गाडी मधल्या स्टँडवर लावून इंजिन चालू ठेवा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहा. खड्ड्यात बंद पडत असेल, तर बॅटरीचे पोल, फ्यूजची क्लिप आणि चावीचा स्विच हलवून बघा.

तापल्यावर बंद पडून पंधरा-वीस मिनिटांनी चालू होत असेल, तर ठिणगीची वेळ सांगणाऱ्या पल्सर कॉइलवर किंवा ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉइलवर संशय जातो. उष्णतेनं आतलं तांबं प्रसरण पावतं, बारीक तडा उघडतो आणि थंड झाला की पुन्हा जुळतो. अशा कॉइलची चाचणी ती गरम असतानाच घ्यावी लागते. पावसात बंद पडत असेल, तर प्लगची टोपी आणि जाड तार बघा. तिथला दाब दहा हजार व्होल्टच्या वर जातो आणि ओलसर भेगेतून ठिणगी बाहेर पळते. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून पाहिलं, तर ही ठिणगी डोळ्यांनी दिसते. हात मात्र लांब ठेवावा. इंजेक्शनच्या गाडीत मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल, तर बॅटरीची तार काढण्याआधी त्याची नोंद घ्या.

दिव्यांचं चमत्कारिक वागणंही बोलकं असतं. इंडिकेटर दिला आणि टेललाइटच लुकलुकू लागला, तर मागची अर्थिंग तुटली आहे. प्रवाह दुसऱ्या बल्बमधून परतीची वाट काढतो आहे. एका बाजूचा इंडिकेटर एकाएकी घाईनं लुकलुकू लागला, तर त्या बाजूचा एक बल्ब गेला आहे. सगळेच बल्ब वारंवार जात असतील, तर बल्बचा ब्रँड बदलत बसू नका, तिसरं मोजमाप घ्या.

दुरुस्ती टिकावी म्हणून

कोकण-गोव्याची खारी हवा आणि घाटमाथ्यावरचा पाऊस तांब्याच्या पिनांवर हिरवा थर चढवतात. सर्व्हिसिंगमध्ये जोरात मारलेलं पाणीही कपलरमध्ये शिरतं. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर मुख्य कपलर उघडून, पिना साफ करून, त्यावर विजेच्या जोडण्यांसाठीचं ग्रीस लावावं. बॅटरीचे पोल घासून घट्ट करावेत आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. पोल सोडवताना आधी मायनस आणि जोडताना शेवटी मायनस, हा क्रम पाळावा. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना चेसिसला टेकला, तर तिथेच मोठा शॉर्ट होतो.

तार जोडताना नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नये. पावसाळ्यात टेपचा चिकटपणा जातो आणि आत पाणी साठतं. सांधा डाखावा किंवा योग्य क्लिपनं दाबून घ्यावा आणि वरून उष्णतेनं आवळणारी नळी चढवावी. जादा हॉर्न किंवा दिवा लावायचाच असेल, तर स्वतंत्र फ्यूज आणि रिलेसह लावावा. सांधा कुठे मारला, हेही लिहून ठेवावं.

पुण्याच्या नाना पेठेत आणि गावोगावच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत यातला जवळपास प्रत्येक भाग मिळतो. दुकानाची पायरी चढण्यापूर्वी मात्र तीन गोष्टी हातात असाव्यात: बिघाड कधी येतो याची नोंद, चार मोजमापांचे आकडे, आणि हाच भाग का बदलायचा याचं उत्तर. बदलल्यानंतर तेच आकडे पुन्हा मोजावेत. गाडी चालू झाली, एवढ्यानं दुरुस्ती पूर्ण झाली असं मानू नये. चुकलेला आकडा जागेवर आला, तरच कारण सापडलं असं म्हणता येतं. चांगला मेकॅनिक असे आकडे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकावर कधी नाखूश होत नाही, कारण त्याचं निम्मं काम तिथेच झालेलं असतं.